प्रतिकृती-विमानाची अंतिम जोडणी

विमानाचे सर्व सुटे भाग तयार झाले म्हणजे विमान तयार झाले, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. पंख, धड, शेपूट, मोटर आणि रेडिओ हे सगळे आपापल्या जागी निर्दोष असूनही त्यांची एकमेकांशी जोडणी चुकली, तर जमिनीवरून उठलेले विमान काही क्षणांतच मातीत शिरते. दोन-तीन महिन्यांची मेहनत वाया जाते. आणि मैदानावर माणसे उभी असतील तर त्याहून भयंकर असे काही घडू शकते. म्हणूनच जोडणीच्या या शेवटच्या टप्प्याला घाई मानवत नाही. त्याला एक संपूर्ण दिवस द्यावा आणि त्याच दिवशी उड्डाण करण्याचा मोह टाळावा.

रेडिओच्या साहाय्याने दूर अंतरावरील वस्तू चालविण्याची कल्पना जुनी आहे. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये रेडिओने चालणारी एक छोटी नाव लोकांना करून दाखविली होती. विमानाच्या बाबतीत हे साधण्यास आणखी बराच काळ लागला. अमेरिकेतील विल्यम आणि वॉल्टर या गुड बंधूंनी १९३७ साली आपले ‘गफ’ नावाचे विमान रेडिओच्या आज्ञेनुसार उडविले. हे विमान आज वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयाच्या संग्रहात आहे. आपल्या देशात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील छात्र प्रतिकृती-विमाने तयार करावयास व उडवावयास शिकतात, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थीही या छंदाकडे वळलेले दिसतात. साधने बदलली, परंतु जोडणीचे नियम मात्र तेच राहिले आहेत.

प्रस्तुत पाठात उदाहरणासाठी आपण शिकाऊ चालकाचे एक विमान घेऊ. त्याचा पंख धडाच्या वर बसतो. पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत १,५०० मिलिमीटर आणि रुंदी सर्वत्र २५० मिलिमीटर आहे. बॅटरीसह संपूर्ण विमानाचे वजन १,८०० ग्रॅम आहे. म्हणजे पंखाचे क्षेत्रफळ ३७·५ चौरस डेसिमीटर आणि दर चौरस डेसिमीटरवर पडणारा भार ४८ ग्रॅम होतो. नवशिक्याला झेपेल असा हा भार आहे. सांगाडा बाल्सा लाकडाचा असून त्यावर इस्त्रीने ताणून बसविलेले प्लॅस्टिकचे पातळ आवरण आहे.

सरळपणाची तपासणी

प्रथम विमान सपाट टेबलावर ठेवावे. टेबल खरोखरीच सपाट आहे की नाही, हे पाणसळ लावून पाहावे. पंख धडावर ठेवून त्याचा मध्य धडाच्या मध्यरेषेशी जुळवावा. आता एक न ताणला जाणारा दोरा घ्यावा. त्याचे एक टोक धडाच्या अगदी मागच्या टोकाशी, बरोबर मध्यावर, टाचणीने पक्के करावे. दोऱ्याचे दुसरे टोक उजव्या पंखाच्या टोकापर्यंत ताणून तेथे दोऱ्यावर खूण करावी आणि तोच दोरा डाव्या पंखाच्या टोकाकडे न्यावा. दोन्ही अंतरे समान भरली पाहिजेत. दोन-तीन मिलिमीटरांपेक्षा अधिक फरक आढळल्यास पंख किंचित फिरवून पुन्हा मोजावे. जागा निश्चित झाल्यावर पंखावर व धडावर पेन्सिलीने खुणा कराव्यात, म्हणजे मैदानावर दर वेळी मापे घ्यावी लागत नाहीत.

त्यानंतर शेपटीकडे वळावे. आडवा स्थिरक पंखाला समांतर हवा. यासाठी विमानाच्या मागे चार-पाच पावलांवर उभे राहून एक डोळा मिटून पाहावे. पंखाची रेषा आणि स्थिरकाची रेषा एकमेकींशी कोन करीत असतील, तर स्थिरक बसण्याची जागा पॉलिश-कागदाने हलक्या हाताने घासून दुरुस्त करावी. उभा स्थिरक आडव्या स्थिरकाशी काटकोनात असावा; तो गुण्या लावूनच तपासावा, केवळ नजरेवर विसंबू नये. डिंक लावण्यापूर्वी दोन्ही स्थिरकांच्या बैठकीवरील प्लॅस्टिकचे आवरण काढून टाकावे लागते, कारण लाकूड लाकडालाच चिकटते, आवरणाला नव्हे. आवरण कापताना पात्याचा दाब खालच्या बाल्सावर पडून तेथे चीर गेली, तर स्थिरक नेमका त्याच रेषेत मोडतो. शेपटीसाठी पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी वापरू नये. तीस मिनिटांचा इपॉक्सी वापरल्यास जुळवाजुळव करण्यास पुरेसा अवधी मिळतो.

पंखाला पीळ नाही ना, हेही याच वेळी पाहावे. आपल्याकडे हा दोष वारंवार उद्भवतो. उन्हाळ्यात बंद मोटारगाडीत ठेवलेले विमान तासाभरात वाकडे होऊ शकते, कारण तापलेले आवरण एका बाजूस अधिक आवळते. उलट, पावसाळ्यातील दमट हवेत लाकूड ओलावा शोषून घेते. पंखाच्या एका टोकाची मागची कड वर उचललेली आढळली, तर ते टोक हाताने हळूच उलट दिशेस पिळून धरावे व आवरणावर इस्त्री फिरवावी. निवेपर्यंत हात सोडू नये.

मोटर, बॅटरी आणि प्रोपेलर

मोटरचा आस विमानाच्या मध्यरेषेशी तंतोतंत जुळलेला नसतो. तो मुद्दाम दोन-तीन अंश उजवीकडे आणि तितकाच खाली कललेला ठेवतात. नवशिक्याला ही सुताराची चूक वाटते आणि तो ती ‘दुरुस्त’ करतो. वास्तविक प्रोपेलर मागून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असल्यामुळे त्याच्या प्रतिक्रियेने विमान डावीकडे झुकू पाहते, आणि मोटरचा उजवीकडील कल त्या प्रवृत्तीस आळा घालतो. खालच्या बाजूचा कल मोटरचा वेग वाढताच नाक वर उचलले जाण्यास प्रतिबंध करतो.

आजच्या ब्रशविरहित मोटरला तीन तारा असतात. मोटर उलट फिरत असेल, तर त्यांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. तेवढ्याने दिशा पालटते. परंतु ही चाचणी प्रोपेलर न लावताच घ्यावयाची असते. हा नियम कितीही वेळा सांगितला तरी थोडाच आहे. वेग-नियंत्रकाची मांडणी चुकलेली असल्यास बॅटरी जोडताक्षणीच मोटर पूर्ण वेगाने फिरू लागते, आणि प्रोपेलरचे पाते बोटाला ओळखत नाही. म्हणून रेडिओची सर्व जुळवणी संपेपर्यंत प्रोपेलर पेटीतच राहू द्यावा.

तीन घटांच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचा दाब पूर्ण भारित स्थितीत १२·६ व्होल्ट, म्हणजे दर घटामागे ४·२ व्होल्ट असतो. कोणताही घट ३ व्होल्टच्या खाली जाऊ दिल्यास बॅटरी कायमची निकामी होते. फुगलेली किंवा टोचली गेलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती विमानात कधीही घालू नये. बॅटरी डिंकाने न चिकटवता पट्ट्याने घट्ट बांधावी. ती पुढेमागे सरकविता आली पाहिजे. याचे कारण थोड्याच वेळात स्पष्ट होईल.

नियंत्रक पृष्ठे

विमानाला वळविणारी पृष्ठे तीन. पंखाच्या मागच्या कडेवरील एलेरॉन विमानाला डावीउजवीकडे कलवितात. आडव्या स्थिरकावरील एलेव्हेटर नाक वर किंवा खाली करतो. उभ्या स्थिरकावरील रडर नाक डावीउजवीकडे फिरवितो. प्रत्येक पृष्ठ सर्व्हो नावाच्या लहानशा यंत्राने हलविले जाते. ग्राहीकडून सर्व्होला सेकंदाला सुमारे पन्नास वेळा एक विद्युत्-स्पंद मिळतो. स्पंदाचा काळ १·५ मिलिसेकंद असेल तर सर्व्होचा दांडा मध्यावर राहतो. तो १ मिलिसेकंदाकडे घटला किंवा २ मिलिसेकंदांकडे वाढला, की दांडा त्या त्या बाजूस फिरतो.

यावरून जोडणीचा क्रम ठरतो. आधी प्रेषक आणि मग विमानातील ग्राही चालू करावा. बंद करताना क्रम उलट असतो: आधी विमान, मग प्रेषक. प्रेषकावरील सर्व ट्रिम शून्यावर आणून सर्व्होचा दांडा मध्यावर आल्याची खात्री करावी, आणि त्यानंतरच सर्व्होपासून पृष्ठापर्यंत जाणाऱ्या पुशरॉडची लांबी अशी जुळवावी की पृष्ठ स्थिरकाशी सरळ रेषेत येईल. पृष्ठ वाकडे दिसते म्हणून प्रेषकावरील ट्रिम फिरविणे हा आळशी उपाय होय. त्यामुळे एका बाजूची हालचाल अपुरी पडते आणि उड्डाणात खरोखरीच गरज लागते तेव्हा ट्रिम शिल्लक राहत नाही.

आपल्या विमानासाठी एलेरॉन व एलेव्हेटर यांची हालचाल मध्यापासून प्रत्येक बाजूस १० मिलिमीटर आणि रडरची २० मिलिमीटर ठेवून आरंभ करावा. पट्टी धरून मोजावे. प्रत्येक बिजागरी बोटांच्या चिमटीत धरून खेचून पाहावी. तिला निघावयाचेच असेल तर ती येथेच, टेबलावर निघालेली बरी.

दिशेची चूक

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाच्या तपासणीकडे येऊ. विमानाच्या मागे, त्याच्या नाकाच्या दिशेस तोंड करून उभे राहावे. प्रेषकाची काडी उजवीकडे नेली असता उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली गेला पाहिजे. काडी आपल्याकडे ओढली असता एलेव्हेटरची मागची कड वर उठली पाहिजे. रडरची काडी उजवीकडे नेली असता रडरची मागची कड उजवीकडे वळली पाहिजे, आणि पुढचे चाकही त्याच बाजूस फिरले पाहिजे. एलेरॉनच्या बाबतीत गोंधळ होऊ नये म्हणून एक युक्ती आहे. काडी मुठीत धरून अंगठा सरळ वर ठेवावा. काडी ज्या बाजूस न्याल त्या बाजूस अंगठा झुकतो, आणि त्याच बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे.

ही तपासणी इतकी सोपी आहे की ती करण्याची गरजच काय, असे वाटावे. परंतु हीच चूक शिकाऊ मुलांप्रमाणे जाणत्यांच्याही हातून घडते. उलटे लागलेले एलेरॉन जमिनीवर दिसत असूनही लक्षात येत नाहीत, कारण पाहणारा ‘पृष्ठ हलते आहे ना’ एवढेच पाहतो, ते कोणत्या दिशेस हलते आहे हे पाहत नाही. विमान उठते, वाऱ्याने किंचित डावीकडे झुकते, चालक ते सावरण्यासाठी काडी उजवीकडे नेतो. विमान आणखी डावीकडे झुकते. चालक घाबरून काडी आणखी उजवीकडे नेतो, आणि विमान पाठीवर पडते. सावरण्याचा प्रत्येक प्रयत्नच विनाशाला कारण होतो.

खऱ्या विमानांच्या इतिहासात याचे दुःखद उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध ‘लँकेस्टर’ बॉम्बफेकी विमानाचे रचनाकार रॉय चॅडविक २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमधील वुडफोर्ड येथे ‘ट्यूडर’ या नव्या विमानाच्या चाचणी-उड्डाणात स्वतः बसले होते. उड्डाण होताच विमान कलले आणि कोसळले. चॅडविक आणि वैमानिक बिल थॉर्न यांच्यासह अनेकांचा अंत झाला. एलेरॉनची जोडणी उलटी झाली होती, असे चौकशीत आढळले. ज्याने आयुष्यभर विमाने घडविली, त्याचा जीव अशा चुकीने घेतला की जी मागे उभे राहून पाहणाऱ्या शिकाऊ मुलालाही ओळखता आली असती. हा केवळ जुन्या काळचा दोष होता असेही नाही. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमध्ये दुरुस्तीनंतर उडालेल्या एअर अस्तानाच्या प्रवासी विमानाच्या एलेरॉनच्या तारा चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या. विमान वारंवार कलंडत राहिले. वैमानिकांनी मोठ्या कष्टाने ते बेजा येथे उतरविले आणि विमानातील सर्वजण बचावले.

प्रतिकृती-विमानात या चुकीला आणखी एक वाट आहे. आजच्या प्रेषकात अनेक विमानांची मांडणी साठविलेली असते. आपण दुसऱ्याच विमानाची मांडणी निवडली, तर काल बरोबर असलेली दिशा आज उलटी होऊ शकते. म्हणून ही तपासणी जोडणीच्या दिवशी एकदा करून भागत नाही. ती प्रत्येक उड्डाणापूर्वी करावयाची असते.

गुरुत्वमध्य

सर्व भाग, बॅटरी आणि अगदी शेवटी प्रोपेलर बसविल्यावर विमान तोलून पाहावे. या वेळी बॅटरी केवळ जागेवर बसवावी, जोडू नये. आपल्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर, म्हणजे ६२ ते ८३ मिलिमीटरांच्या दरम्यान असावा. पहिल्या उड्डाणासाठी तो ७० मिलिमीटरांवर ठेवू. पंखाच्या खालच्या बाजूस, धडाच्या दोन्ही अंगांना, या अंतरावर खुणा करून त्यांवर दोन बोटांनी विमान उचलावे. ते समपातळीत राहिले पाहिजे. फार तर नाक किंचित खाली झुकावे.

गुरुत्वमध्य फार पुढे असेल तर विमान जड व मंद वाटते आणि उतरताना अधिक वेगाने उतरते. तथापि ते उडते. तो फार मागे असेल तर एलेव्हेटरच्या अल्पशा हालचालीनेही नाक भलतेच वर उसळते, पंखाची हवेवरील पकड सुटते आणि विमान हाताबाहेर जाते. म्हणून शंका असेल तेथे तोल पुढच्या बाजूस ठेवावा.

समजा, आपले विमान ७० ऐवजी ८० मिलिमीटरांवर तोलले गेले. तोल १० मिलिमीटर पुढे आणावयाचा आहे. त्यासाठी लागणारे परिबल १,८०० × १० = १८,००० ग्रॅम-मिलिमीटर आहे. बॅटरीचे वजन २०० ग्रॅम असल्यास ती १८,००० ÷ २०० = ९० मिलिमीटर पुढे सरकविली की काम झाले, आणि वजन एक ग्रॅमनेही वाढले नाही. पण बॅटरी डिंकाने चिकटविलेली असेल, तर नाकात शिसे भरण्यावाचून गत्यंतर नाही. नाक इच्छित गुरुत्वमध्याच्या २५० मिलिमीटर पुढे आहे असे धरले, तर १८,००० ÷ २५० = ७२ ग्रॅम शिसे लागेल. म्हणजे विमानाचे वजन चार टक्क्यांनी वाढले, ते एका डिंकाच्या थेंबापायी!

शेपटीकडील वजन तर याहून महाग पडते. शेपूट गुरुत्वमध्याच्या ७५० मिलिमीटर मागे असेल, तर तेथे रंगाचा वा डिंकाचा १० ग्रॅम जादा भार तोलण्यासाठी नाकात ३० ग्रॅम घालावे लागतात. दहा ग्रॅमांच्या निष्काळजीपणासाठी चाळीस ग्रॅम वाहून न्यावे लागतात, असा हा हिशेब आहे.

आडवा तोलही पाहावा. एकाने प्रोपेलरचा आस व दुसऱ्याने शेपटीचे टोक बोटावर धरावे. एक पंख सतत खाली जात असेल, तर विरुद्ध पंखाच्या टोकाशी थोडे वजन चिकटवावे. टोक मध्यापासून दूर असल्यामुळे पाच ग्रॅमही पुष्कळ काम करतात.

मैदानावर

वर बसणारा पंख बहुधा रबरी पट्ट्यांनी बांधतात. ही पद्धत गावंढळ वाटली तरी तिच्यात शहाणपण आहे: विमान आपटले असता पंख मोडण्याऐवजी पट्ट्यांवर सरकतो. आपल्या विमानाला निदान आठ पट्ट्या हव्यात, आणि शेवटच्या दोन तिरप्या, एकमेकींना छेदून लावाव्यात. उन्हाने कडक झालेल्या पट्ट्या त्याच दिवशी टाकून द्याव्यात.

पूर्वी प्रत्येक रेडिओ-संचाला ठराविक कंप्रता असे आणि एकाच कंप्रतेवर दोघांनी प्रेषक चालू केले तर हवेतील विमान हमखास कोसळे. आज २·४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या संचांत प्रेषक व ग्राही यांची जोडी आधीच बांधलेली असल्यामुळे ते भय पुष्कळसे ओसरले आहे. तरीही पल्ल्याची चाचणी टाळू नये. बहुतेक प्रेषकांवर शक्ती कमी करण्याची सोय असते. ती वापरून, संचाच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या अंतरावर, साधारणपणे ३० पावलांवर, उभे राहून सर्व पृष्ठे आज्ञा पाळतात का हे पाहावे. त्यानंतर एकाने विमान मागून घट्ट धरावे, दुसऱ्याने मोटर मंद वेगाने चालवून प्रेषक बंद करावा. मोटर आपोआप थांबली पाहिजे. ती थांबत नसेल, तर संपर्क तुटलेले विमान आपल्या मर्जीने लोकवस्तीकडे जाऊ शकते. अशा विमानाला उडण्याचा अधिकार नाही.

जागेची निवड हाही तपासणीचाच एक भाग आहे. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या ड्रोन नियमांत मानवरहित विमानांचे वजनानुसार वर्ग पाडले असून २५० ग्रॅमपासून २ किलोग्रॅमपर्यंतचे विमान ‘मायक्रो’ वर्गात मोडते. आकाशाचेही लाल, पिवळे व हिरवे असे विभाग करण्यात आले आहेत. विमानतळ वा संरक्षणदलांची ठाणी यांच्या परिसरात परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. मैदानावर जाण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेले नियम पाहून घ्यावेत.

शेवटची गोष्ट यादीची. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे एक नवे, प्रचंड बॉम्बफेकी विमान चाचणीच्या वेळी कोसळले. विमानात कोणताही बिघाड नव्हता. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने पृष्ठे हलू नयेत म्हणून लावलेली कुलुपे उड्डाणापूर्वी काढावयाची राहून गेली होती. वैमानिक अनुभवी होते. ते केवळ विसरले होते. या अपघातानंतर वैमानिकांसाठी तपासणीची लेखी यादी करण्याची पद्धत रुजली. आपणही एका जाड कागदावर आठ ओळी लिहून त्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवाव्यात: निवडलेली मांडणी, बॅटरी, पंखाच्या पट्ट्या, बिजागऱ्या, पृष्ठांच्या दिशा, तोल, पल्ला, संपर्क तुटल्यावर मोटर थांबणे. ही यादी मनातल्या मनात न वाचता मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक ओळीला बोट लावावे. शक्य असेल तर ती दुसऱ्याने वाचावी; कारण ज्याने जोडणी केली त्याला आपली चूक बहुधा दिसत नाही.

एवढे झाल्यावर विमान घरी परत न्यावे. दुसऱ्या दिवशी पहाटे, वारा पडलेला असताना, यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावी, नाक वाऱ्याच्या दिशेस करावे आणि मगच मोटरची काडी पुढे सरकवावी.